करसवलत आणि कारखान्याचा पत्ता

20 सप्टेंबर 2019, शुक्रवार. पणजीत जीएसटी परिषदेची 37वी बैठक होती. देशभरातले अर्थमंत्री गोव्यात जमले होते आणि हॉटेलच्या खोल्यांवरचा कर उतरणार का, याच बातमीची पत्रकारांना प्रतीक्षा होती. बैठक सुरू होण्याआधीच निर्मला सीतारामन माध्यमांसमोर आल्या आणि कंपन्यांवरच्या प्राप्तिकराचा मूळ दर 22 टक्के करत असल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं. मोठ्या कंपन्या तोवर 30 टक्क्यांनी कर भरत होत्या. 1 ऑक्टोबरपासून स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना तर 15 टक्केच दर, फक्त जुन्या सवलती आणि वजावटींवर पाणी सोडायचं. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपयांचा महसूल यात जाईल, हा हिशेबही सरकारनेच दिला. त्या दिवशी बाजार बंद होताना सेन्सेक्स 1921 अंकांनी वर होता.

अर्थसंकल्प नाही, अधिवेशन नाही, थेट वटहुकूम. घाई समजण्यासारखी होती. तिमाही विकासदर 5 टक्क्यांवर घसरला होता, मोटारींच्या वितरकांकडे माल पडून होता. कंपन्यांच्या हातात पैसा राहिला तर त्या कारखाने उभारतील, कारखान्यांत माणसं लागतील आणि गाडी रुळावर येईल, असा त्यामागचा विचार होता. हा विचार जगभरच्या अर्थमंत्र्यांना आवडतो. त्याची परीक्षा घ्यायला आता पुरेसे ताळेबंद हाताशी आहेत, म्हणून आजच्या व्याख्यानाला हा विषय.

ज्यांनी कधी कारखाना चालवला आहे, त्यांना यातली मेख लगेच कळते. नवं यंत्र घ्यायचं की नाही, हे ठरवताना मालक आधी हातातल्या ऑर्डरी मोजतो, मग बँकेचं व्याज, मग वीज-पाणी आणि जागा. सीएला फोन त्यानंतर जातो. पण यंत्र घ्यायचं एकदा ठरलं, की ते कोणत्या राज्यात बसवायचं, मार्चच्या आत की नंतर, कोणत्या कंपनीच्या नावावर, या सगळ्यांत सीएचा शब्द अखेरचा. गुंतवणूक व्हावी की नाही यावर कराची पकड ढिली असते. ती कुठे, केव्हा आणि कुणाच्या वहीत व्हावी, यावर मात्र चांगलीच घट्ट. महाराष्ट्रात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने वर गेलं, की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा सुरू होतात. पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवडे, तिकडे धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल, नगर जिल्ह्यात सुपे. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या दहा-बारा वर्षांत ही माळरानं पात्यांनी भरून गेली. मालकांची यादी पाहिली तर वीज विकणं हाच धंदा असलेले त्यात थोडेच. दुचाकी बनवणारे, औषधवाले, सूतगिरण्या, हिऱ्यांचे व्यापारी, अगदी सिनेमातली मंडळीसुद्धा. यांतल्या कितीजणांनी आपली पवनचक्की फिरताना पाहिली असेल, हा प्रश्न विचारू नये.

ही मंडळी वाऱ्यापेक्षा घसाऱ्यामागे आली होती. साध्या यंत्राची किंमत नफ्यातून वजा करायची तर ती वर्षांवर्षांनी, थोडी थोडी करून वजा होते. पवनचक्कीला मात्र कायद्याने आधी पहिल्याच वर्षी पूर्ण 100 टक्के आणि 2002नंतर 80 टक्के घसारा दिला होता. 1 कोटीची चक्की घेतली, की 80 लाख रुपये त्या वर्षीच्या नफ्यातून वजा. तेव्हाच्या साधारण 34 टक्के दराने 27 लाखांचा कर वाचला. खरं तर तो पुढे ढकलला गेला. पण आज हातात राहिलेल्या 27 लाखांची किंमत व्याजावर धंदा करणाऱ्याला सांगावी लागत नाही. त्यावर महाराष्ट्र सरकारने विक्रीकरातही सवलत दिली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने सातारा जिल्ह्यात 65.2 मेगावॉट क्षमतेच्या 138 पवनचक्क्या उभ्या केल्या त्या याच काळात. पुण्यातून कारभार चालवणाऱ्या सुझलॉनने तर या सवलतीवर सगळा धंदाच बेतला. तिचे संस्थापक तुलसी तांती मूळचे सुरतेतले कापडवाले, विजेच्या बिलाने जेरीस येऊन पवनचक्कीकडे वळलेले. नफ्यावरचा कर वाचवू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला जमीन, उभारणी, वाहिनीला जोडणी आणि पुढची देखभाल हे सगळं त्यांनी एका करारात देऊ केलं. गिऱ्हाइकाने फक्त धनादेश फाडायचा.

कायद्यातलं एक बारीक कलम इथे फार बोलकं आहे. मालमत्ता त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो. त्यामुळे पवनचक्क्या सुरू करण्याची झुंबड वर्षातून दोनदा उडायची: पूर्ण घसाऱ्यासाठी सप्टेंबरअखेर आणि निदान निम्म्यासाठी मार्चअखेर. सह्याद्रीतला जोराचा वारा मे-जूनमध्ये उठतो आणि सप्टेंबर संपता संपता ओसरतो. म्हणजे वारा पडायच्या सुमाराला चक्की सुरू करणं हा करदात्याच्या दृष्टीने उत्तम मुहूर्त होता. वीज किती तयार होते, याचा या हिशेबाशी संबंधच नव्हता. ते लक्षात आल्यावर केंद्राने डिसेंबर 2009 मध्ये तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे देण्याची वेगळी योजना आणली.

मग 1 एप्रिल 2012 पासून हा वाढीव घसारा काढून घेतला गेला. आदल्या वर्षी देशात सुमारे 3200 मेगावॉटच्या पवनचक्क्या लागल्या होत्या. त्या वर्षी जेमतेम 1700. 2014 मध्ये अरुण जेटलींनी घसारा परत दिला, 2017 पासून तो 40 टक्क्यांवर आला. करामुळे गुंतवणुकीत काहीच फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत. फरक पडला आणि दणदणीत पडला. मात्र ही सवलत फक्त नव्या यंत्राला चिकटलेली होती. यंत्र न घेणाऱ्याला दमडीही नाही. कराचा दरच कमी केला, की 30 वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या आणि पुढे एक वीटही न रचणाऱ्या कारखान्यालाही तोच फायदा होतो.

दर की सवलत, हा वाद दिल्लीत जुना आहे आणि त्यात एक मराठी नावही आहे. 1955 पासून विकास सूट, 1976 पासून गुंतवणूक भत्ता अशा रूपांत नव्या यंत्रांना वजावट मिळत आली होती. दर चढे आणि वजावटी भरपूर, त्यामुळे ताळेबंदात भरघोस नफा दाखवून एक रुपयाही कर न देणाऱ्या बड्या कंपन्या निपजल्या. त्यांना वेसण घालायला 1987 मध्ये किमान कर आला. मार्च 1990 मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी आपला पहिला आणि एकमेव अर्थसंकल्प मांडला. त्यात त्यांनी गुंतवणूक भत्ता बंद केला आणि भागधारकांचा मोठा पसारा असलेल्या कंपन्यांचा दर 50 टक्क्यांवरून 40 वर आणला. आयुष्यभर समाजवादी राहिलेला माणूस कंपन्यांचा कर एका फटक्यात 10 टक्क्यांनी उतरवतो, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असेल. पण यंत्रावरच्या वजावटीमुळे भांडवल स्वस्त होतं आणि माणूस महाग, ही समाजवाद्यांची तक्रार त्या निर्णयाशी अगदी सुसंगत आहे. पुढच्याच वर्षी मनमोहन सिंगांना तिजोरीसाठी दर पुन्हा 45 टक्के करावा लागला. तरी दर खाली आणि सवलती कमी, ही 2019 ची वाट दंडवत्यांनी 29 वर्षं आधी धरली होती.

आता पत्त्याची गोष्ट. जानेवारी 2003 मध्ये वाजपेयी सरकारने उत्तरांचल (आजचं उत्तराखंड) आणि हिमाचल प्रदेशात नवे कारखाने काढणाऱ्यांना 10 वर्षं अबकारी शुल्क माफ केलं. प्राप्तिकरही पहिली 5 वर्षं पूर्ण माफ. त्या वेळी मोटारसायकलवर 16 टक्के अबकारी शुल्क होतं. इतका फरक असेल, तर सुटे भाग पुण्याच्या आसपासच्या पुरवठादारांकडून हजारभर मैल वर न्यायचे, तिथे गाडी जोडायची आणि निम्म्या गाड्या पुन्हा दक्षिणेत विकायला आणायच्या, हाही व्यवहार परवडतो. उत्तराखंडमधल्या पंतनगरला बजाजचा कारखाना 2007 मध्ये सुरू झाला. टाटा मोटर्सने छोटा हत्ती म्हणून ओळखला जाणारा एस टेम्पो पुण्यात बनवायला सुरुवात केली होती. त्याचंही उत्पादन तिकडे गेलं. आणि सप्टेंबर 2007 मध्ये बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. ज्या कारखान्यातल्या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, तिथली जुळणीची रांग बंद पडली.

देशाच्या गुंतवणुकीच्या आकड्यात पंतनगरचा कारखाना अधिक म्हणून धरला गेला. आकुर्डी वजा झाली, ती त्या आकड्यात दिसत नाही. उत्तराखंडला रोजगार मिळाला हे खरंच आहे, आणि डोंगराळ, मागास राज्याला तो मिळावा हाच सरकारचा हेतू होता. तो हेतू चुकीचा नव्हता. पण त्याला प्रादेशिक न्याय म्हणावं. विकासदर वाढवण्याचं साधन म्हणू नये. शिवाय अशी सवलत एकदा दिली, की ती संपत नाही. 2017 मध्ये जीएसटी आला आणि अबकारी माफी आपोआप निकालात निघाली, तर उरलेल्या मुदतीसाठी केंद्राने या कारखान्यांना केंद्रीय जीएसटीतला 58 टक्के भाग परत देण्याची योजना काढली. आकुर्डीला पुन्हा जाग आली जून 2022 मध्ये, विजेवरच्या चेतक स्कूटरसाठी. विजेवरच्या वाहनांवर तेव्हा 5 टक्के जीएसटी होता, पेट्रोलच्या दुचाकीवर 28 टक्के.

कराने वसवलेलं सर्वांत मोठं गाव मात्र भिवंडीजवळ आहे. मुंबईत माल शिरताना दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर जकात भरावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोलीच्या गोदामांत ठेवायचा आणि दुकानदाराने मागितला तेवढाच आत आणायचा. त्याच्या जोडीला केंद्रीय विक्रीकराचा खेळ होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला तर सी-फॉर्मवर 2 टक्के कर, पण आपल्याच डेपोत नुसता हलवला तर एफ-फॉर्म भरून कर शून्य. त्यामुळे साबण-बिस्किटं विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने प्रत्येक राज्यात एकेक डेपो थाटला. कुठे किती गिऱ्हाइक आहे हा प्रश्न मागे पडला आणि राज्याची सीमा कुठे आहे यावर गोदामांची जागा ठरली. हजार कंपन्या गुणिले दोन डझन राज्यं, त्यातला कारकून, वखारवाला, वाहतूकदार, नाक्यावर झोप काढणारा ड्रायव्हर: ही सगळी गुंतवणूकच होती, फक्त देशाला तिची गरज नव्हती.

30 जून 2017 च्या मध्यरात्री जीएसटी आला, मुंबईचे जकात नाके बंद झाले आणि वर्षाला 7 हजार कोटींच्या आसपास उत्पन्न देणारी जकात महापालिकेच्या हातून गेली. भिवंडीची गोदामं ओस पडतील असं अनेकांना वाटलं होतं. झालं उलट. राज्याराज्यातले डेपो बंद करून कंपन्यांनी मोठी, उंच छताची, रॅक लावलेली गोदामं मोजक्या ठिकाणी घेतली आणि मुंबई-नाशिक महामार्गावरची भिवंडी त्यातलं पहिल्या पसंतीचं ठिकाण ठरली. दर घटवून जे साधलं नसतं ते इथे नुसता गुंता सोडवून साधलं. आर्थिक विकासाला करधोरणाने केलेली खरी मदत शोधायची तर ती अशा निरस जागी सापडते, आणि नेमका तिचाच निवडणुकीच्या भाषणात उल्लेख नसतो.

पुन्हा 2019 कडे. कंपनीकराचं संकलन 2018-19 मध्ये 6.63 लाख कोटी होतं, पुढच्या वर्षी ते 5.57 लाख कोटींवर आलं. पैसा कंपन्यांकडे राहिला, तो कुठे गेला? ऑगस्ट 2020 मधल्या वार्षिक अहवालात रिझर्व्ह बँकेने याचं उत्तर दिलं आहे: कर्जफेडीत, रोख शिल्लक वाढवण्यात आणि इतर चालू मालमत्तांत, नव्या भांडवली खर्चाचं चक्र त्यातून सुरू झालं नाही. यात कंपन्यांना दोष देण्यासारखं फारसं नाही. कपात जाहीर झाली तेव्हा देशातल्या कारखान्यांची सुमारे 70 टक्केच क्षमता वापरात होती. दहांतली तीन यंत्रं झाकून ठेवलेली असताना कोण अकरावं मागवेल? बँकाही थकीत कर्जांनी पोळलेल्या होत्या. मार्च 2018 मध्ये त्यांचं प्रमाण 11 टक्क्यांच्या वर गेलं होतं. पाठोपाठ कोविड आला आणि सगळेच हिशेब विस्कटले, हे मान्य करायला हवं.

कोविड सरल्यानंतरचं चित्रही फार वेगळं नव्हतं. 2023-24 चा आर्थिक पाहणी अहवाल मुख्य आर्थिक सल्लागार अनंत नागेश्वरन यांच्या चमूने लिहिला. सरकारी दस्तऐवजाच्या मानाने तो बराच स्पष्टवक्ता आहे. 33 हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा 2020 ते 2023 या आर्थिक वर्षांत जवळपास चौपट झाला, पण नोकरभरती आणि पगार त्या वेगाने वाढले नाहीत, असं त्यात नोंदलं आहे. खासगी गुंतवणुकीतही इमारती आणि बांधकामाची वाढ यंत्रसामग्रीपेक्षा कितीतरी अधिक. दरम्यान 2023-24 मध्ये व्यक्तींच्या प्राप्तिकरातून 10.44 लाख कोटी आले आणि कंपन्यांकडून 9.11 लाख कोटी. व्यक्तिगत करदात्यांनी कंपन्यांना मागे टाकलं. मध्यमवर्गाच्या कुरकुरीला या आकड्याचा आधार आहे.

जी जागा खासगी कंपन्यांनी भरायची ती सरकारने स्वतः भरली. केंद्राचा भांडवली खर्च 2019-20 मध्ये 3.36 लाख कोटी होता. 2024-25 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 11.11 लाख कोटी ठेवले गेले. सप्टेंबर 2022 मध्ये दिल्लीतल्या एका कार्यक्रमात सीतारामन यांनी उद्योगपतींना विचारलं, तुमचं हनुमानासारखं झालंय का? आपल्या अंगातल्या ताकदीची कुणीतरी शेजारी उभं राहून आठवण करून द्यायला हवी का? टाळ्या मिळाल्या असतील. पण समुद्र ओलांडण्याआधी पलीकडे लंका आहे, याची खात्री वानरसेनेला होती. उद्योजकाला पलीकडे गिऱ्हाईक आहे का, याचीच खात्री नव्हती.

परदेशातला अनुभवही याच सुरातला आहे. अमेरिकेने 2017 च्या कायद्याने कंपनीकर 35 टक्क्यांवरून 21 वर आणला. कुटुंबांचं सरासरी उत्पन्न वर्षाला 4 हजार डॉलरने तरी वाढेल, असा व्हाइट हाउसचा दावा होता. 2024 मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत गुंतवणूक सुमारे 11 टक्क्यांनी वाढलेली दिसली, वेतनवाढ मात्र वर्षाला 750 डॉलरच्या आसपास. नव्या यंत्रांची किंमत ताबडतोब वजा करू देण्याच्या तरतुदीने खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे अधिक काम केलं, हाही त्यांचा निष्कर्ष. साताऱ्याच्या पठारावर जे दिसलं त्याच्याशी तो जुळतो. आयर्लंडने 12.5 टक्के दराने अमेरिकी कंपन्यांना बोलावलं आणि त्या खरोखर आल्या, हे नाकारता येत नाही. पण 2015 मध्ये त्या देशाचं सकल उत्पादन एका वर्षात 26 टक्क्यांनी फुगलं, कारण काही कंपन्यांनी पेटंट आणि तत्सम मालमत्ता आयरिश वह्यांत हलवली. आयरिश सांख्यिकी खात्याला मग स्वतःच्या अर्थव्यवस्थेसाठी वेगळं माप तयार करावं लागलं.

दराइतकीच, कदाचित अधिकच, महत्त्वाची असते ती कायद्याची स्थिरता. हचिसनचा भारतातला मोबाइल धंदा व्होडाफोनने 2007 मध्ये परदेशातल्या परदेशात विकत घेतला. आयकर खात्याने कर मागितला, मुंबई उच्च न्यायालयात खातं जिंकलं, जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं आणि काही महिन्यांतच सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. ती दुरुस्ती ऑगस्ट 2021 मध्ये मागे घेतली गेली, तिच्या आधारे ज्या केर्न कंपनीकडून कर वसूल केला होता तिला सुमारे 7900 कोटी परत द्यावे लागले. मधल्या 9 वर्षांत भारतात यायचं की नाही याचा विचार करणाऱ्या किती मंडळींनी दुसरीकडची वाट धरली, याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

हनुमानाचा दाखला दिला गेला त्याच आठवड्यात महाराष्ट्रात वेगळंच रण माजलं होतं. वेदांता-फॉक्सकॉनचा 1.54 लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार असं धरून चाललेलं असताना कंपनीने गुजरातशी करार केला. मुंबईत एकमेकांवर आरोप झाले. कोणत्या सरकारने किती सवलती देऊ केल्या, जीएसटीचा परतावा किती, वीज किती स्वस्त, जमीन किती एकर, याच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. दहा महिन्यांनी, जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. प्रकल्प तळेगावलाही झाला नाही आणि गुजरातेतल्या धोलेरालाही. धोलेऱ्यात पुढे टाटांनी तैवानच्या कंपनीसोबत चिपचा कारखाना हाती घेतला, त्याच्या खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा. इतका मोठा वाटा सरकार उचलणार असेल, तर त्याला करसवलत तरी का म्हणावं?

नव्या उत्पादक कंपन्यांसाठीच्या 15 टक्के दराची मुदत 31 मार्च 2024 ला संपली. उद्योगसंघटनांनी मागणी करूनही सरकारने ती वाढवली नाही. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर शून्य झाला, त्यासाठी सरकारने वर्षाला सुमारे 1 लाख कोटींवर पाणी सोडलं. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचा जीएसटीचा 28 टक्क्यांचा टप्पा गेला. 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकली, छोट्या मोटारी, वातानुकूलन यंत्रं 18 टक्क्यांवर आली. 2019 मध्ये कारखानदाराच्या खिशात टाकलेली रक्कम आणि 2025 मध्ये गिऱ्हाइकाच्या खिशात टाकलेली रक्कम साधारण एकाच मापाची आहे. सहा वर्षांत सरकारने धोरणाचं दुसरं टोक धरलं, तसं उघडपणे न म्हणता. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत कारखान्यांच्या क्षमतेचा वापर आता 75 टक्क्यांच्या आसपास आहे. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या शेडमध्ये दुसरी पाळी तिसरीपर्यंत जाते का, आणि तिसरीनंतर कुणी एमआयडीसीकडे नव्या भूखंडासाठी अर्ज करतं का, हे कळायला आणखी दोन-तीन वर्षांचे ताळेबंद लागतील.